साक्ष कुणाच्या पापाची

"मेलेल्या जनावराचं राहिलं," मीनलताई माझ्या कानाशी पुटपुटल्या आणि माइक पुन्हा माझ्या तोंडासमोर धरला.

मी साक्ष देत होते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तशी रीत आहे. प्रभूनं आपल्याला कुठून उचललं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मीनलताई मंडळीच्या पुढारी. गॅदरिंगचं नाटक बसवतात तशी त्यांनी माझी साक्ष बसवून घेतली होती. मी म्हणाले, "आम्ही मेलेल्या जनावराचं मांस खायचो. गावाबाहेर राहायचो. माझे वडील देवीपुढे हलगी वाजवायचे. आम्ही पापाच्या चिखलात होतो."

हॉलभर हालेलुया. आयटीतली पोरं, त्यांच्या बायका. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी. पहिल्या रांगेत माझे आबा बसले होते. त्यांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, प्रार्थना करतायत.

मला ती मान कळत होती. तरी बोलत राहिले. आबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि साक्षीनंतर पाहुणे पास्टर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार होते. मला माझा बाप हवा होता. त्यासाठी कुणी काहीही वदवून घेतलं असतं माझ्याकडून.

मीनलताईंचीही साक्ष असायची. पणजोबांनी ख्रिस्तासाठी जानवं टाकलं, इस्टेटीवर पाणी सोडलं. त्यांच्या साक्षीत त्यांनी काय काय सोडलं ते असायचं. आमच्या साक्षीत, आम्हाला कशातून काढलं ते. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं, हे मला संडे स्कूलपासून पाठ. पण बिनलायकीचं उदाहरण द्यायचं झालं की यांचा हात आमच्याच बाकाकडे. ख्रिस्तात जात नाही, हेही त्याच सांगायच्या. मुलाला मुलगी बघताना मात्र "आमच्यातलीच हवी हो" म्हणायच्या.

परतताना आम्ही रिक्षा केली. विश्रांतवाडीचा चौक आला तेव्हा आबा म्हणाले, "पोरी, भूक काय पाप हाय व्हय गं?"

मला लाज वाटली, आणि लाजेखाली राग. गावात कुणाची म्हैस मेली की आबांना बोलावणं यायचं. ओढून न्या. मजुरी म्हणून तेच मांस. नको म्हणायची सोय नव्हती. पुढे शहरात आले, बाप्तिस्मा घेतला, मार्केट यार्डात जन्मभर कांद्याची पोती वाहिली, मला बी.कॉम. केलं, कॉम्प्युटरच्या नोकरीला लावलं. त्या माणसाला मी भर सभेत चिखल म्हटलं होतं. आणि पाप मुळात कुणाचं? ओढणाऱ्याचं, की ओढायला लावणाऱ्याचं?

महिनाभरानं मीनलताईंचा फोन आला. बेंगळुरूची मंडळी येणार, तीच साक्ष पुन्हा हवी. "जरा डिटेलमध्ये सांग," म्हणाल्या. "लोकांना फार टच होतं."

मी म्हणाले, "ताई, साक्ष देईन. पण आम्हाला मेलेलं खायला कुणी लावलं, तेही सांगेन. तेही पापच आहे."

त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हा तुझा देहस्वभाव बोलतोय गं. आत्म्यानं चालणारी माणसं नम्र असतात."

"नम्र म्हणजे गप्प, असंच ना?"

"पश्चात्ताप होईपर्यंत तू प्रभुभोजन घेऊ नकोस," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला वाटलं, शिक्षा मला झाली. ती आबांना झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे पाळकसाहेब आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन येत. डायलिसिसमुळे आबांना पाणी मोजून मिळायचं. ओठ फुटलेले असायचे. पण त्या रविवारी ते सकाळपासून एक थेंब घेत नसत. प्रभूच्या प्याल्यासाठी जागा ठेवायचे. तसेच बसले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. दुपार झाली.

"साहेब आलं न्हाईत?"

मी पाळकांना फोन लावला. ते म्हणाले, "माझा नाइलाज आहे. आधी मीनलताईंची माफी माग. मंडळीत फूट असताना मी कसा येऊ?"

मी जिन्यात जाऊन रडले. अक्षरशः हमसून हमसून. एका शब्दात भागलं असतं. सॉरी. माझा बाप तहानलेला बसला होता आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. देवा, मीच चुकतेय का, असं विचारलं. मग वाटलं, कृपा फुकट आहे म्हणता, आणि तिच्या दाराशी माफीची पावती मागता?

घरात आले. काळी द्राक्षं होती, ती वाटीत चुरगळून गाळली. दुपारची भाकरी होती. पाळक नेमताना ठेवतात तसा माझ्या डोक्यावर कुठल्या बिशपनं हात ठेवलेला नव्हता. आमच्यात हे पाळकच करतात, बाई तर नाहीच.

आबांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला चालतं व्हय?"

"चालतं," मी म्हणाले.

त्यांनी भाकरीचा तुकडा खाल्ला. रस प्याले, वाटीत बोट फिरवून चाटलं. म्हणाले, "ग्वाड हाय."

चमत्कार झाला नाही. पोरीनं प्रभुभोजन दिलं, हे आबा भेटायला येईल त्याला सांगत राहिले आणि चार दिवसांनी गेले. मातीला मीनलताई आल्या, मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "आता तरी मन कठीण करू नकोस. त्या दिवशी घरात जे केलंस, त्याची कबुली दे. प्रभू क्षमाशील आहे."

मी त्यांचे हात माझ्या खांद्यावरून बाजूला केले.

परवा पहिला रविवार आहे. मी कबुली देणार नाही आणि मंडळीही सोडणार नाही. पहिल्या रांगेत बसेन. प्रभुभोजनाची वेळ झाली की सगळ्यांबरोबर उठून मेजापाशी जाईन आणि हात पुढे करीन. पाळकांनी ताट मागे घेतलं तरी मी तिथून हलणार नाही. मला बाहेर काढायचं तर त्यांना हाताला धरून, सगळ्यांच्या देखत काढावं लागेल.