खंडेनवमीचं अपडेट

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दुपारी आमच्या बातम्यांची वेबसाइट बंद पडली. ती आमच्याच सिस्टीमवाल्या काकांनी बंद पाडली होती, जाणूनबुजून.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. सगळं सुरळीत चालू असतं तोवर तो कोणाला दिसत नाही. आमचे काका मूळचे मालवणकडचे, राहायला मालाडला. अंधेरीच्या ऑफिसात मागच्या गारढोण खोलीत सर्व्हरपाशी बसायचे. दर आठवड्याला काळ्या पडद्यावर अपडेटची कमांड टाइप करायचे. सॉफ्टवेअरची कोणती पॅकेजेस नवी होणार, कोणती निघणार, हे पडद्यावर येई आणि शेवटी मशीन विचारी, पुढे जाऊ का? लोक न वाचता 'वाय', म्हणजे 'हो', दाबतात. काका सगळी नावं मोठ्याने वाचत.

"काका, पोथी संपली का?" मी दारातून ओरडायचो.

"मेल्या, आधी वाचूचा, मगे व्हय म्हणूचा. लग्नात वाचलं नाय, म्हणून आता बोंबलतंस!"

खंडेनवमीला मात्र सर्व्हरला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू आणि वर धुतलेला पंचा. "आज तेंका निजांदेत." त्या दिवशी त्यांनी खुद्द संपादकांनाही दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

त्या दुपारी इशारा आला. सर्व्हरवरच्या एका पॅकेजमध्ये भोक सापडलं होतं आणि त्यातून बाहेरचे लोक ठिकठिकाणी आत शिरत होते. आमच्या सर्व्हरवर घाटकोपरच्या एका बाईचं रेकॉर्डिंग होतं. वस्ती रिकामी करायला आलेल्या गुंडांबद्दल ती बोलली होती, नाव बाहेर येणार नाही या शब्दावर. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तिचं नाव आणि पत्ता होता. सर्व्हरवर त्याच्या प्रती कुठे कुठे पडल्या आहेत, हे आम्हालाच सांगता येईना, त्यामुळे नुसतं पुसूनही भागणार नव्हतं.

काकांनी कीबोर्डला हात जोडले आणि पंचा उचलला. मी बघतच राहिलो.

कमांड दिली. एकेक नाव वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. नवं पॅकेज आमच्या जुन्या वेबसाइटला चालणार नव्हतं. ते बसवायचं तर वेबसाइट चालवणारा प्रोग्रामच निघणार होता. तीही ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.

संपादक धावत आले. "अहो, उद्या दसरा! जाहिराती लागल्यात. सर्व्हर नुसता बंद ठेवा ना."

"बंद केलंय तर तासाभरान तुम्हीच चालू करूक सांगशात. मी वळखतंय तुमका."

"मी नको म्हणतोय, काका. ऐकताय ना?"

"साइट परत बसात. बायचा नाव भायर पडला, तर ता परत आत घालूक येवचा नाय."

आणि त्यांनी 'वाय' दाबलं.

पडद्यावर ओळी धावत राहिल्या. काका खुर्चीत मागे टेकले आणि बोटांना लागलेली हळद पंच्याला पुसत बसले.

संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. "येतंय रे," एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन निघाले.

वेबसाइट पुढच्या आठवड्यात सुरू झाली. काका गावी गेल्याचं त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. ती बाई अजून घाटकोपरला त्याच खोलीत राहते.