सर येईपर्यंत

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि प्रत्येक वेळी मनात म्हणते, काहीतरी कारण असणारच, सांगणाऱ्याला सापडलं नसेल एवढंच. आज सांगणारी मी आहे... आणि कारण मलाच सापडलेलं नाही.

मी जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावची. घरातली पहिली ग्रॅज्युएट. सध्या परळच्या एका जुन्या दगडी इमारतीतल्या प्रयोगशाळेत पीएचडी करते. विषय, पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थापासून निळे एलईडी बनवणं. बाबा गावात सगळ्यांना सांगतात, "पोरगी मुंबईत दिवे बनवते." दिवे बनतात हो, टिकत नाहीत. हा निळा रंग येण्यासाठी आम्ही ब्रोमाइड आणि क्लोराइड एकत्र मिसळतो. वीज सोडली की दोघं एकमेकांपासून फारकत घेतात आणि निळा दिवा बघता बघता हिरवा पडतो. मग विझतो. चहा प्यायला जाऊन यावं तेवढंही त्याचं आयुष्य नसतं.

माझ्या गाइडचे, सरांचे, माझ्यावर फार उपकार आहेत. इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता येत नव्हती तेव्हा त्यांनी मला घेतलं. पण ही गोष्ट घडली त्या आठवड्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारी दुपारी मी स्वतः येऊन बघतो. तेव्हाही हिरवा झाला, तर निळ्याचं काम बंद. तू दुसरा विषय घे." दुसरा विषय म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. तेवढ्यात फेलोशिप संपली असती, आणि मी गावी परत.

शुक्रवारी लॅबमध्ये मी आणि संदेश, दोघंच. बाकीचे सेमिनारला गेले होते. संदेश लालबागचा, मूळ मालवणचा, माझा सीनियर. त्याची आई माझ्यासाठीसुद्धा डब्यात घावणे देते. आदल्या दिवसापासून माझा घसा पार बसला होता. बोलले तर नुसती हवा यायची.

आमचे दिवे ग्लोव्हबॉक्समध्ये पेटवतात. नायट्रोजन भरलेली काचेची मोठी पेटी, हात घालायला रबरी हातमोजे. पेटी भिंतीला टेकून ठेवलेली. एका काचपट्टीवर चार ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक दिवा. मी शेजारशेजारचे दोन पेटवले. दोन्ही सुंदर निळे.

"टेन्शन काय घेतेस? थांब, गाऱ्हाणं घालतो," संदेश म्हणाला. कोकणातल्यासारखं देवाला मोठ्याने साकडं घालायचं, हा त्याचा नेहमीचा खेळ. एरवी सगळी लॅब त्याच्यामागे "व्हय म्हाराजा" ओरडते, मी नुसती हसते, आमच्याकडे ही पद्धत नाही. त्याने हात जोडले, एका ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि सुरू झाला...

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या तुझ्या लेकरान जो निळो दिवो लायलो हा, तेका सर येयपर्यंत हिरवो होवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज घोगरा, खोल, पेटीच्या बाजूने आलेला. मला वाटलं, संदेशच आवाज बदलून नाटक करतोय. मी पडद्यावरच्या, दिव्यांच्या उजेडाच्या आलेखाकडे बघत राहिले.

थोड्याच वेळात एक ठिपका हिरवा पडला आणि गेला. दुसरा... संदेशने बोट दाखवलेला... तसाच निळा. एकच मिश्रण, एकच काच, एकच तापमान. मी तारा तपासल्या, वीज जातेय ना ते पाहिलं. सगळं बरोबर. सरांचा मेसेज आला, 'शीवला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. बंद करू नका.'

दिवा निळाच. चहाची वेळ झाली, कोणी उठलं नाही. बाहेरचं ऊन खिडकीतून उतरून टेबलाखाली गेलं, तरी आलेखाची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र घाम फुटला होता. संदेशचे विनोद कधीच थांबले होते.

"ए," तो हळूच म्हणाला, "मी काय म्हणालो होतो गं? सर येईपर्यंत... ना?"

जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या.

मी दाराकडे धावले. "सर, थांबा!" असं ओरडायचं होतं. घशातून आवाजच निघाला नाही. सरांचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि मागे संदेश म्हणाला, "गेला."

वळून बघेपर्यंत हिरवी झाक चमकून विझलीसुद्धा.

सरांनी आलेख कितीतरी वेळ पाहिला. "दिवे हळूहळू उतरतात. हे असं कड्यावरून पडल्यासारखं?" मग माझ्याकडे वळून, "या दिव्याला वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही, सर," मी कशीबशी म्हणाले. तेच खरं होतं.

ते म्हणाले, "एका दिव्यावर पेपर लिहायचा नाही. पण काम चालू ठेव."

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना मी संदेशला कुजबुजत म्हटलं, "तू ते 'व्हय म्हाराजा' भारी म्हणालास हं. आवाज अगदी म्हाताऱ्याचा."

त्याने ग्लास खाली ठेवला. "मी? ते तू म्हणालीस. मला वाटलं, घसा बसलाय म्हणून तसा आवाज आला."

"मला बोलता तरी येतंय का?"

"अगं, गाऱ्हाणं घालणारा स्वतः कधी 'व्हय' म्हणतो काय? ते बाकीच्यांनी म्हणायचं असतं!"

बाकीचे नव्हतेच.

तेच मिश्रण नंतर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सगळे दिवे हिरवे पडले. आता एक नवीन क्षार घालून माझे दिवे पूर्वीपेक्षा बरेच टिकतात, आणि ते का टिकतात हे मी फळ्यावर लिहून दाखवू शकते. त्या दुपारचं नाही दाखवू शकत. तो आलेख सरांना विचारून मी थीसिसमधून वगळला.

संदेश अजून कधीकधी गाऱ्हाणं घालतो. सगळे हसत "व्हय म्हाराजा" ओरडतात. आता मीही ओरडते, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. उत्तराची जागा रिकामी राहू नये म्हणून.