ताईची अर्धी राहिलेली प्रार्थना

बायको गेल्यानंतर मी चर्चला जाणं बंद केलं. तिच्या आजारपणात मंडळीतल्या लोकांनी उपास केले, पाळक रोज घरी येऊन प्रार्थना करून जात, आणि माझी थोरली बहीण, ताई, तर सदा गुडघे टेकूनच असायची. तरी बायको गेली. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. मोजून पाहिल्याशिवाय एकही पार्ट पुढे सोडायचा नाही, हे माझं काम. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे असेल, देवाकडेही मी तसंच पाहायला लागलो. एकदा चार पाहुण्यांसमोर ताईला म्हणालो, "तुझा देव आहे याचा एक पुरावा दाखव. एकच. उद्यापासून येतो चर्चला." पाहुणे हसले. ताई हसली नाही, चिडलीही नाही. "मला नाही रे दाखवता येणार," एवढंच म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली. आईच्या माघारी जिनं मला वाढवलं, माझ्यापायी जिनं लग्न केलं नाही, तिला मी असं बोललो. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

ताई नर्स होती. निवृत्त झाल्यावर देहूरोडला एकटीच राहायची. मी पिंपळे गुरवला. तिनं माझ्याशी कधी वाद घातला नाही. फक्त दर शनिवारी फोन करून विचारायची, "उद्या येतोस का?" मी काहीतरी कारण सांगायचो. पुढे पुढे शनिवारी तिचा फोन उचलायचंच सोडून दिलं.

तो दिवसही शनिवारच होता. दुपारी दीडच्या सुमारास तिचा फोन आला. मी वाजू दिला. लगेच दुसरा आला, मग तिसरा. वैतागून मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला आणि तपासणीला निघून गेलो. तासाभरानं येऊन पाहतो तर तिचेच सात मिस्ड कॉल. तेवढ्यात पुन्हा वाजला. उचलला, तर आवाज ताईचा नव्हता.

"तुमी ह्यांचे भाऊ ना? मावशींना दवाखान्यात आणलंय. बिगीनं या."

ताई एका आजारी मैत्रिणीला भेटायला चाकणला आली होती. बसमधून उतरल्यावर डोकं असह्य दुखायला लागलं म्हणून ती रस्त्याच्या कडेलाच बसली. माझी कंपनी तिथून दहा मिनिटांवर. म्हणून ती मला बोलावत होती.

मी पोचलो तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बाहेर बाकावर एक बाई ताईची पर्स आणि चष्मा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इंदूबाई त्यांचं नाव. जवळच्याच गावातल्या, एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. रोज कंपनीच्या बसनं घरी जायच्या, त्या दिवशी बस चुकली म्हणून रिक्षासाठी चौकात थांबल्या होत्या. तिथंच त्यांना ताई दिसली.

"लई वाट बघितली हो त्यांनी तुमची," त्या म्हणाल्या. मी ताईची पर्स आणि चष्मा त्यांच्याकडून घेतला. त्या सांगत राहिल्या, "रिक्षात माझा हात घट धरला. म्हणल्या, माझ्यासंगं प्रार्थना म्हण. मी म्हणलं, मावशी, मला कुठं येतीया तुमची? तर म्हणल्या, मी म्हणते तशी मागनं म्हण. मंग म्हणलं मी. पर समदी न्हाई झाली. रोजच्या भाकरीपत्तोर आलो आन् त्यांची जीभ जड झाली."

ती प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली. लहानपणी ताईनंच मला ती शिकवली होती, आणि भाकरीच्या पुढचं मागणं क्षमेचं असतं. माझ्या जागी एक परकी बाई, जिला त्या प्रार्थनेतला शब्दही ठाऊक नव्हता, ती माझ्या बहिणीच्या मागून म्हणत होती. आणि मी माझा फोन ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला होता.

आत गेलो. डॉक्टरांना विचारलं, "तिला ऐकू येतं का?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण बोला तुम्ही."

ऐकू येतं याचा कसलाही पुरावा नव्हता. तरी मी ताईच्या कानाशी वाकलो. भाकरीच्या पुढे जिथं तिचं थांबलं होतं, तिथून सुरुवात केली. क्षमेच्या शब्दाशी मीही थांबलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, मग पुन्हा. तिचा हात हलला नाही, पापणी लवली नाही. दोन दिवस मी असाच तिच्याशी बोलत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

बस चुकली हा योगायोगच, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं की मी हात दिला नाही तेव्हाही ताईचा हात रिकामा राहिला नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो, आणि मानताना लाज वाटते. इंदूबाई मातीला आल्या होत्या. आता दिवाळीला मी त्यांच्याकडे जातो, नाताळला त्या माझ्याकडे येतात.

रविवारी मी चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो. शंका सरल्या आहेत असं नाही. ताईनं माझं ऐकलं का, मला माफ केलं का, हे कळायला आता काही मार्ग नाही. केलं आहे असं धरून मी रोज सकाळी उठतो आणि कामाला जातो. विश्वास म्हणजे याहून वेगळं काही असेल, तर ते मला अजून शिकायचं आहे.