जिनिंगच्या फाटकाले कुलूप

आपाले दम्याचा तरास जिनिंगनंच लावला, हे साऱ्या गल्लीले माहीत हाय. मी आन् शेजारची आपा, दोघी नांदुऱ्याजवळच्या जिनिंगमधी कापसातला कचरा निवडाले जात होतो. दिवसभर रुई उडे. नाकाले पदर बांधला तरी आपा घरी येऊन खोकलतच राहे.

आमची सारी रुई परदेशातली एक मोठी कपड्याची कंपनी घे. 'कामगाराच्या जिवाले जपत नसन त्याचा माल आमाले नको,' असा त्यायचा बोर्डच फाटकावर होता. एक दिवस त्यायची मॅडम तपासाले आली. त्या सकाळी मालकानं सगळ्या बायायले कोरे मास्क वाटले. मुकादम म्हणे, "रोज भेटते म्हणून सांगजा बरं!"

मॅडमनं इचारलं तवा आमी मुकाट माना डोलावल्या. आपानं मात्र मास्क खाली ओढला. म्हणे, "झूट काऊन बोलू? आजच भेटला. मले दम घ्याले होत नाई, मॅडम."

मी मनात म्हटलं, गेली आता हिची मजुरी! पण मॅडमनं तिचा हात हातात घेतला. डोये भरून आले हो मॅडमचे! म्हणे, तुमी बोलल्या हे लय चांगलं केलं, आमच्या कंपनीत माणूस आधी. वापस येताना आपा माहेरी निघाल्यावानी खुश. "पाह्यजो, आता पंखे बी लागतीन," म्हणे.

पुढच्या आठवड्यात गेलो तं फाटकाले कुलूप. कंपनीनं खरेदीच बंद केली होती. अशा जागचा माल घेनं आपल्या तत्त्वात बसत नाई म्हणे! अवं, तत्त्व आमच्याचसाठी होतं ना? मंग आमच्याच अन्नात माती कालवाची? एक पंखा लावा म्हणून मालकाले दटावलं असतं तं जीभ झडत होती काय त्यायची? आन् बाया आपावरच उलटल्या. नळावर तिच्याशी कोनी बोलेना.

आता आमी दोघी पिंपळगाव राजाकडच्या दुसऱ्या जिनिंगमधी जातो. तिथं बोर्ड नाई, मास्क नाई, तपासाले कोनी येत नाई. परवा आपाले खोकल्याची अशी उबळ आली का ती खालीच बसली. मले राहवलं नाई. म्हटलं, "मालकाले सांगतो मी आता."

तिनं झपकन माह्या तोंडावर हात ठेवला.

"चूप वं! हे बी बंद पाडतं का?"