तिसऱ्यांदा फाटलेली नळी

माझ्या नवऱ्याला सगळा रस्ता वस्ताद म्हणायचा, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्याच्या हातचा मार खाल्लेला होता. राग त्याच्या नाकावर असायचा, आणि नाकही चांगलं लांबरुंद होतं. पाना जागेवर सापडला नाही तर कारागिराच्या कानाखाली, जेवणात मीठ जास्त झालं तर माझ्या. कारागीर निदान काम सोडून जाऊ शकत होते. सोळा वर्षांत एकवीस जण गेले.

पण गाडीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नाही, हेही सांगायला हवं. बिघाड सापडला की गिऱ्हाइकाला हाताला धरून न्यायचा, टॉर्च त्याच्याच हातात द्यायचा, जागेभोवती खडूने गोल काढायचा आणि म्हणायचा, बघा स्वतःच्या डोळ्यांनी. जे दिसेल ते सगळं सांगायचा. गिऱ्हाइकाला आवडो न आवडो.

ठेकेदाराची पांढरी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा स्टिअरिंगमागचा बिघाडाचा पिवळा दिवा जळत होता आणि आत पेट्रोलचा वास येत होता. टाकीतल्या पेट्रोलची वाफ बाहेर उडू नये म्हणून ती नळ्यांमधून कोळशाच्या एका डब्यात जाते आणि तिथून इंजिनात ओढली जाते. या वाटेवर कुठे सुईएवढं भोक पडलं तरी दिवा लागतो, आणि ते भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आमच्याकडे धुराचं यंत्र होतं. नळ्यांत धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघत बसायचं. यंत्राची धूर कमीजास्त करायची चावी माझ्याकडे असे, कारण धूर फुंकरीइतक्याच जोराने सोडावा लागतो आणि वस्तादला हळूच असं काही करता यायचं नाही.

त्या दिवशी इंजिनमागची रबरी नळी तडकलेली निघाली. वस्तादने रीतसर ठेकेदाराला बोलावलं, आणि मागे त्याची बायको उभी होती तिलाही. एवढीशी नळी, पण ही फाटली की गाडी दोन दिवस गॅरेजात, असं तो हसत म्हणाला. तिने वाकून नीट पाहून घेतलं. मला वाटलं, बाईला गाड्यांची हौस दिसते.

महिन्याभराने गाडी परत आली. नवी नळी क्लिपपाशी फाटली होती. वस्तादने क्लिपला शिव्या घातल्या आणि दुसरी नळी फुकट बसवून दिली. तीन आठवड्यांनी गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा ठेकेदार उतरला तोच बाह्या सरसावत.

तू मुद्दाम सडक्या नळ्या घालतोस, चोर आहेस, असं तो चार लोकांत म्हणाला. वस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आधी हातातला पाना खाली टाकला, एवढी मात्र अक्कल दाखवली, आणि ठेकेदाराच्या तोंडावर गुद्दा हाणला. ठेकेदार अंगाने त्याच्या दुप्पट. त्याने वस्तादला गळ्याला धरून टायरांच्या ढिगावर आपटलं, पोटात गुडघा घातला आणि डोकं धरून लोखंडी टेबलावर दोनदा आदळलं. दात पडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो कसा असतो ते मला ठाऊक आहे. शेवटी दोन कारागीर आणि समोरचा पंक्चरवाला यांनी मिळून त्यांना सोडवलं. वस्ताद रक्त थुंकत म्हणाला की आता धूर सोडतो, टॉर्च तू धर, माझी चूक निघाली तर दुकानाला कुलूप लावीन. दोघं तोंडं धुवायला मागच्या नळावर गेले.

ठेकेदाराची बायको आमच्या ऑफिसात बसली होती. ऑफिस म्हणजे प्लायवूडची खोली, एक खुर्ची आणि जुन्या फिल्टरांचे खोके. एवढ्या मारामारीत ती ओरडली नव्हती, जागची उठलीही नव्हती. मी पाणी दिलं. पेला घेताना तिच्या अंगठ्यावर ब्लेडचा बारीक चिरा दिसला, आणि त्यात रबराचा काळा डाग. हा डाग साबणाने जात नाही, माझी बोटं त्यानेच भरलेली आहेत. मी चिऱ्याकडे पाहिलं, आणि मी पाहिल्याचं तिने पाहिलं.

"घरात मारलं तर शेजारी ऐकतात," ती म्हणाली. "म्हणून तो मला गाडीतून खाणीच्या रस्त्याला नेतो. काचा वर करतो. गाडी इथे असली की दोन दिवस मिळतात, ताई."

तिला कुठे कापायचं ते आमच्याच वस्तादने शिकवलं होतं, आणि आता टॉर्च तिच्या नवऱ्याच्या हातात जाणार होता.

मी चावी अगदी नावाला फिरवली. तरी थोड्या वेळाने बॉनेटखालून धुराची पांढरी रेघ वर आली. वस्तादने खडूने गोल काढला, नळी वाकवली आणि चीर उघडी पडली. आपोआप तडकलेलं रबर वेडंवाकडं फाटतं. ही चीर पट्टी धरून मारल्यासारखी सरळ होती. ठेकेदार मूर्ख नव्हता.

"ही कापलीय," तो म्हणाला. "कुणी कापली?"

वस्ताद चिरेकडे निरखून बघत होता. त्याने बोलायला तोंड उघडलं. त्याला दिसलेलं सगळं तो आता सांगणार, हे मला कळलं.

"मी कापली," मी म्हणाले.

गिऱ्हाईक परत परत यावं म्हणून दोन्ही वेळा मीच कापली, असं मी धडाधड सांगून टाकलं. खोटं बोलायचा सराव होता. सोळा वर्षं मार टाळायला बोलत आले होते, मार खायला पहिल्यांदाच बोलले.

वस्तादने नळी उपटली आणि माझ्या तोंडावर ओढली. गाल फुटला. तेवढ्यानेच ठेकेदाराच्या मुठी सैल झाल्या, चेहरा निवळला. दुसरा फटका मानेवर बसला, तिसरा मी आडव्या घातलेल्या हातांवर, चौथा पाठीत, पाचवा मी जमिनीवर पडल्यावर. बायकांना असंच लागतं, असं म्हणत ठेकेदाराने वस्तादचा खांदा थोपटला. अर्ध्या तासापूर्वी हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठले होते. मग गाडी ठेवून तो बायकोला दंडाला धरून घेऊन गेला.

दुपारी वस्ताद बर्फ घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्याने मला नळी दाखवली. चिरेच्या आत रस्त्याची धूळ बसली होती.

"चार-पाच दिवसांची चीर आहे," तो म्हणाला. "तेव्हा गाडी इथे नव्हती. तू कापलेली नाहीस, ते मला बघताक्षणी कळलं."

मग मारलं कशाला, असं मी विचारलं.

"त्याला पटायला हवं होतं ना."

एक क्षण मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. नवरा एकदा तरी माझ्या बाजूने उभा राहिला असं वाटलं. मग गाल ठणकला.

"त्याला पहिल्याच फटक्यात पटलं होतं," मी म्हणाले. "पुढचे चार कुणासाठी होते?"

तो नळीकडे बघत बसला. काहीतरी बनवून सांगता आलं असतं, पण त्याने सांगितलं नाही. एवढं श्रेय मी त्याला देते. मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची भीती वाटली नाही, नुसती किळस वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नळी बसली. दिवा पुन्हा लागतो का ते पाहायला गाडी साठेक किलोमीटर चालवावी लागते, आणि ते काम नेहमी माझंच. ठेकेदार कामावर पोचला असेल अशा वेळी मी निघाले. पत्ता जॉब कार्डावर होता. दार उघडून ती माझ्या सुजलेल्या गालाकडे बघत राहिली. तो शोधत येणार नाही असं एक ठिकाण सांग, असं मी म्हणाले. दीडशे किलोमीटरवर तिची एक मैत्रीण होती. पिशवी भरायला वेळ लागला नाही, ती कॉटखाली भरलेलीच होती.

शहर मागे पडलं. साठ किलोमीटर झाले, दिवा लागला नाही. वस्ताद घड्याळ बघत असणार होता.

"ताई, तुमची पिशवी कुठाय?" तिने विचारलं.

"नाही आणली," मी म्हणाले. "सुचलंच नाही."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शिंप्याकडे गेल्यावर तो न्याहाळतो तसं.

"माझे कपडे होतील तुम्हाला," ती म्हणाली.