राणी ब्रशचं पाणी प्यायली

अजून भीती गेलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

मी रोह्याजवळ वरसे गावात पाळीव प्राण्यांची चित्रं ॲक्रिलिकमध्ये काढते. आज शेजारच्या नफीसाचाची त्यांची राणी मांजर माझ्याकडे सोडून बाजारात गेल्या. कतारला नोकरी करणाऱ्या सलीमला, त्यांच्या मुलाला, तिचं चित्र पाठवायचं होतं. राणी त्याचीच लाडकी.

मी तिच्या डोळ्यांसाठी हिरवा रंग कालवत होते. वळून पाहिलं तर ती ब्रश धुवायच्या मगातलं पाणी पीत होती. जीभ हिरवीगार झालेली.

तिला ओढणीत गुंडाळून रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तिची लाळ गळायला लागली. चाचींना फोन लावून दवाखान्यात यायला सांगितलं.

डॉक्टरांनी तिचं तोंड धुतलं, पोट तपासलं. "फार गेलेलं नाय. पण उद्यापर्यंत लक्ष ठेवा. उलटी झाली तर लगेच आणा."

चाची धावत आल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "रडू नको गो. पण सलीमला आज काय बोलू नको."

राणी आता त्यांच्याकडे झोपली आहे. फोन वाजला की चाचींचा तर नाही ना, ते आधी बघते. घरात मांजर असलेल्या चित्रकारांनो, तुम्ही ब्रशचं पाणी कुठे ठेवता?