वाढलेल्या गोळ्या

गरीब कुटुंबांसाठीच्या एका आरोग्य विमा योजनेच्या वर्धेतल्या कचेरीत मी काम करते. मध्यंतरी आमच्याकडे 'गुणवत्ता सुधार' नावाचं वारं शिरलं. बीपी असलेल्या सभासदांच्या गोळ्यांत खंड पडू नये, म्हणून दर महिन्याला फोन करून विचारायचं, "गोळ्या आहेत की संपल्या?" संपल्या असल्या तर गावातली आरोग्यसेविका घरपोच देणार. काम चांगलंच होतं. बैठकीत पडद्यावर चढती रेघ दिसायची आणि आम्ही खुशीत चहा प्यायचो.

देवळीजवळच्या खेड्यात माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, राहते. तीही सभासद. तिला फोन करायचा तो शहरात वाढलेला आमचा नवा सहकारी. दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले, तर बाई भिंत धरून चालत होती. डोकं गरगरतं म्हणाली. गोळ्यांची डबी उघडून पाहिली, तर आत खडखडाट.

"मोठ्याई, फोन येते ना तुले? मंग काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं ना बापा! गोळ्या वाढल्या म्हनलं, दोन डाव म्हनलं. थो पोरगा म्हने, छान छान."

मी कपाळावर हात मारला. आमच्या घरात कुठलीच वस्तू संपत नाही. मीठ वाढतं, तांदूळ वाढतात, फुटलेली बांगडीसुद्धा वाढते. भरल्या घरात 'संपलं' म्हणायचं नसतं. आणि त्याने बिचाऱ्याने लिहून टाकलं होतं, गोळ्या भरपूर शिल्लक.

तिला तशीच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. अजून थोडे दिवस असेच गेले असते तर अंग लुळं पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसून मी रडले. भीतीने कमी, संतापाने जास्त.

बैठकीत साहेब म्हणाले, सभासदांना नीट उत्तर द्यायला शिकवा. माझं डोकंच फिरलं. प्रश्न आपला चुकला, तर सुधारायचं त्यांनी का? जन्मभर जो शब्द तिने तोंडातून काढला नाही, तो आमच्या रेघेसाठी का काढावा? बरीच वादावादी झाली. शेवटी प्रश्नच बदलला. आता आम्ही म्हणतो, "डबी फोनजवळ हलवा."

मोठ्या आईला पहिला फोन मीच केला. डबी हलव म्हटलं, तर पलीकडून आवाजच नाही.

"मोठ्याई, हालव ना वो डबी."

"हालवून राह्यली ना! थांब, सर्दू नाई म्हून वरतून कापूस कोंबला."

मग खुळखुळ आली. मी म्हटलं, अजून एक डाव.

"खुळखुळा हाये का वो हा?" ती खेकसली, पण तिने हलवली.

"मोठ्याई, गोळ्या वाढू नोको देजो."

"नाई वाढू देत, माय."

शेजारच्या टेबलावरचा तो सहकारी खाली मान घालून ऐकत होता. या वेळी तो छान म्हणाला नाही.